पुस्तिकेतला दुसरा फोटो

"मॅडम, खांदे सोडा," सरफराज म्हणाला.

मी खांदे सोडले.

"आता हनुवटी थोडी खाली. नजर इकडे. आणि हात..." त्याने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "हात कुठे ठेवताय?"

तेच तर मला कळत नव्हतं. तेहतीस वर्षं ते दोन हात माझ्याच अंगाला होते आणि त्यांचा मला कधी विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी मात्र ते शेजारणीने सांभाळायला ठेवलेल्या पोरांसारखे झाले होते. बाजूला सोडले तर लोंबायचे, पुढे गुंफले तर मी आरतीला उभी आहे असं वाटायचं, आणि कमरेवर ठेवले तेव्हा हळदीच्या पोत्यांना टेकून बघत बसलेला चन्नू म्हणाला, "अक्का, कुणाशी भांडायला निघालीस?"

ही दोन हजार चारची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान होतं, 'मल्लाप्पा शेटे आणि कंपनी'. कंपनी म्हणजे एकटे आप्पा, माझे वडील. बाकी आम्ही तिघं त्यांच्या हाताखालची: त्यांचा पुतण्या चन्नवीर, चाळीस वर्षं पेढी सांभाळणारे नेमगोंडा दिवाणजी, आणि मी. चन्नू रोजचा सौदा बघायचा. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे हळदीचे नमुने तपासणं, परदेशी पत्रव्यवहार आणि जहाजाचे कागद माझ्याकडे होते. जर्मनीतला एक मसाल्यांचा खरेदीदार मी दीड वर्ष पत्रं लिहून लिहून मिळवला होता. त्याने आता कळवलं होतं की तुमच्या पेढीची माहितीपुस्तिका पाठवा, आणि धंदा चालवणाऱ्या माणसांचे नीट फोटो त्यात असू द्या. आप्पांना हे काही पटलं नव्हतं. तोंडं कसली बघतोय, माल बघ म्हणावं, असं ते दोन दिवस पुटपुटत होते.

पुस्तिकेत दोन फोटोंची जागा होती. पहिला आप्पांचा, त्याबद्दल वाद नव्हता. दुसऱ्या जागेवरून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती, कारण ती गोष्ट नुसत्या फोटोची नव्हती. आप्पा सत्तरीला आले होते आणि गुढीपाडव्याला पेढी आम्हा दोघांच्या भागीदारीत करून देणार होते. सोळा आण्यांतले कुणाला किती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "फोटो दोघांचे काढून ठेवा. ज्याचा हिस्सा मोठा, त्याचा छापू. सारखे झाले तर दोघांचे शेजारी शेजारी."

मला आठ आणे हवे होते. नऊ नकोत, दहा नकोत, चन्नूच्या बरोबरीने आठ. साडेसात जरी आले तरी मी पाडव्याला गुढी उभारणार नाही, असं मी दिवाणजींना बोलूनही दाखवलं होतं. ते नुसते हसले होते.

अडचण होती ती रुमालाची. आमच्या यार्डातल्या जुन्या पेढ्यांचे सौदे तेव्हा अजून रुमालाखाली व्हायचे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसायचे. विकणारा डावा हात मालावर ठेवायचा, म्हणजे कशाचा सौदा चाललाय ते कळायचं. मग दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, पंजा धरून पुन्हा एक बोट धरलं तर सहा. हजाराचा आकडा दोघांनाही ठाऊक असायचा, बोटं फक्त वरचे शेकडे सांगायची. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही, चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही, आणि एकदा समोरच्याचा तळहात दाबला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नसे.

ज्याचा हात रुमालाखाली तो व्यापारी, असं यार्डात म्हणायचे. आणि परक्या पुरुषांच्या हातात हात देऊन बसणारी बाई त्या यार्डाने पाहिलेली नव्हती. मुलीचा हात रुमालाखाली जायचा नाही, हे मी बारा वर्षांची असतानाच आप्पांनी सांगून टाकलं होतं. मी शिकले ती चोरून. शाळा सुटल्यावर आप्पांचा डबा घेऊन दुकानात यायचे. ते जेवून आडवे झाले की दिवाणजी मला पोत्यांच्या थप्पीमागे बसवायचे आणि आपल्या पंच्याखाली बोटं धरायला शिकवायचे. आप्पांना याचा पत्ता नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

तर त्या दिवशी. सरफराज तांबोळीचा मिरजेला स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो हा त्याचा रोजचा धंदा, पण त्याने नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि पुण्याला जाऊन 'उद्योजकांचे फोटो' असं काहीतरी दोन दिवस शिकून आला होता. त्यामुळे त्याच्याकडे सल्ल्यांचा तोटा नव्हता. लांब श्वास घ्या. वजन मागच्या पायावर टाका. आत्ताच एखादी चांगली बातमी कळलीय असं मनात आणा. मी मनात आणलं की आप्पांनी आठ आणे दिले, आणि चेहरा आणखीच आखडला. मार्च महिना, वर पत्रा, अंगात या फोटोसाठी म्हणून साडीवर घातलेला काळा कोट. पाठीवरून घामाची धार लागली होती. दर दोन मिनिटांनी मी कोटाचं बटण लावत होते आणि काढत होते.

चन्नूचा फोटो पाच मिनिटांत झाला होता. हाताची घडी, एक खांदा पुढे, ओठांच्या कोपऱ्यात हसू. अख्खा यार्ड विकत घेऊन आल्यासारखा दिसत होता. चन्नू वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. मनाने मोकळा होता, धंद्यात पक्का होता, मला बसस्टँडवर सोडायला आला तर माझी पिशवी मला उचलू द्यायचा नाही. पण त्याची बरोबरी करायला कुणी उभं आहे, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याला त्या कॅमेऱ्याला काही पटवून द्यायचं नव्हतं. माझं सगळं तिथेच अडत होतं.

तीसेक फोटो झाल्यावर सरफराजने मला कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला. एकात मी रडायच्या बेतात होते, एकात मागून कुणी टाचणी टोचल्यासारखी, आणि जो त्यातल्या त्यात बरा होता तो थेट मतदार ओळखपत्रावरचा होता. "मॅडम, थोडं थांबू या," तो बिचारा म्हणाला, आणि आप्पांकडे वळला.

तिथे त्याची आणखीच पंचाईत झाली. आप्पांनी धोतर, पांढरा शर्ट, टोपी, खांद्यावर रुमाल, असं रोजचंच रूप ठेवलं होतं. ते लोडाला टेकून बसले आणि त्याच्याकडे बघू लागले. सरफराज म्हणाला, थोडं हसा. आप्पांनी विचारलं, "कशाला? समोरच्याला कळंल की." पन्नास वर्षं रुमालाखाली सौदे करून त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा झाला होता. सरफराजने पाच फोटो घेतले, ते पाचही हुबेहूब एक निघाले, आणि त्याला वाटलं कॅमेरा अडकला.

बारा वाजत आले. दारातून येणारं ऊन सरकत चाललं होतं आणि सरफराज घायकुतीला आला होता. शेवटी त्याला सुचलं की आप्पा आणि मी गादीवर समोरासमोर बसावं, मध्ये हळदीचं ताट असावं, म्हणजे रंगही येईल आणि मॅडमही जरा सैल होतील. त्याने स्वतःच फळीवरचं एक ताट उचललं, त्यातली हळकुंडं नीट मांडली आणि आमच्या मध्ये ठेवलं. मी कोट काढला. हात मांडीवर घेतले, मग गुडघ्यावर, मग पुन्हा मांडीवर.

आप्पा माझी ती चुळबुळ बघत होते. मग सरफराजला म्हणाले, "हिचे हात रिकामे हाईत, म्हणून ही बावरती. हाताला काम दिलं की तोंड आपोआप जाग्यावर येतंय."

आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

पोत्यांना टेकलेला चन्नू सरळ झाला. दिवाणजींची लेखणी थांबली. मी आप्पांकडे बघितलं, त्यांच्या तोंडावरून काही कळायचं कारणच नव्हतं. त्यांचे गुडघे धरायचे, बसताना ते कशावर तरी हात टेकायचे. तसा डावा हात त्यांनी गादीवर टेकला होता आणि उजवा माझ्यापुढे केला होता. फोटोसाठी सोंग करतायत, मला वाटलं. पण वीस वर्षं मी त्या रुमालाकडे लांबून बघितलं होतं. सोंग तर सोंग, मला सोडवेना. हात देण्याआधी मी ताटातलं एक हळकुंड मोडून बघितलं. वरून पिवळंजर्द होतं, आतून फिकं. गेल्या हंगामातला माल. मी ते ताटात टाकलं आणि हात पुढे केला. रुमाल पडला.

आप्पांनी बोटं धरली. आकडा मोठा होता. असल्या फिक्या मालाला एवढा भाव मी काय म्हणून देईन? मी त्यांची बोटं धरून दोन कमी सांगितले.

त्यांचा हात थांबला. मला येतं हे बघून चकित झाले असणार, असं वाटून मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. त्यांनी पुन्हा तोच आकडा धरला, या वेळी जरा घट्ट. मी पुन्हा माझाच. त्यांनी एक कमी केला. मी हलले नाही. कॅमेरा कुठे आहे, चन्नू बघतोय की नाही, हात कुठे ठेवायचे, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. मला फक्त त्या रुमालाखालचं कळत होतं. माझ्या वडिलांचा खरखरीत हात, आणि त्या हाताशी बरोबरीने बोलणारा माझा. मी त्या दिवसाइतकी खूश आयुष्यात क्वचित झाले असेन. त्यांनी माझी बोटं बराच वेळ नुसती धरून ठेवली. मी माझा आकडा तिसऱ्यांदा सांगितला. मग त्यांनी माझा तळहात दाबला.

"झाला," सरफराज म्हणाला. "मॅडम, झाला फोटो."

त्याने पडदा पुढे केला. त्यात एक बाई बसली होती. खांदे सैल, मान ताठ पण आखडलेली नाही, नजर समोरच्या माणसावर स्थिर. कुठल्या वस्तूची काय किंमत आहे हे जिला पक्कं माहीत आहे, अशी बाई. ती मी होते यावर माझा विश्वास बसेना. चन्नू वाकून बघायला आला आणि म्हणाला, "अक्का, हाच छापायचा. आपण नाही भांडत." तो मनापासूनच म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, काय आकडा ठरला? मी सांगितलं, रुमालाखालचा आकडा सांगत नसतात. आप्पांनी फोटो बघितला, रुमाल खांद्यावर टाकला आणि ते जेवायला गेले.

पाडव्याला अकरा दिवस होते. ते मी कसे काढले ते माझं मला माहीत. नमुने तपासताना चुकीच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली. जर्मनीला एकच पत्र दोनदा पाठवलं. छापखान्यात जाऊन सांगून आले की दुसऱ्या पानावर शेजारी शेजारी दोन फोटो बसतील एवढी जागा धरा. दिवाणजींना रोज विचारायचे, आप्पा काही बोलले का? ते नाही म्हणून मान हलवायचे. एकदा मात्र म्हणाले, "तू घाबरू नको. तुझं तुझ्या हातात आहे." मला तो नुसता धीर वाटला.

पाडव्याच्या सकाळी दुकानासमोर गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला वाटला, आणि पाटील वकील गादीवर बसून कागद वाचू लागले. सुरुवातीची दोन पानं मला ऐकूच आली नाहीत. मग ते म्हणाले, "चन्नवीर गुरप्पा शेटे, दहा आणे. नीलांबिका मल्लाप्पा शेटे, सहा आणे."

चन्नूने आधी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "काका, हे जरा..." असं काहीतरी तो बोलू लागला, पण आप्पांनी हात वर केला. मी उठले आणि थप्पीमागे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने गुडघा धरत धरत आप्पा मागे आले.

"सहा?" मी म्हणाले. "आप्पा, आठ द्यायचे नव्हते तर तसं सांगायचं होतं. जर्मनीचा माणूस कुणी आणला?"

"आठच देत होतो," आप्पा म्हणाले. "दोनदा दिले तुला. तू सहावर अडून बसलीस. सातावर आलो, तरी ऐकंनास. मग तळहात दाबला. काय करायचं मी?"

मला एकदम सगळं समजलं. ताट फोटोवाल्याने ठेवलं होतं. आप्पांचा डावा हात ताटावर नव्हताच, तो गादीवर होता, आणि गादी म्हणजे पेढी. चन्नूसमोर तोंडाने विचारता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला रुमालाखाली विचारलं होतं: पेढीत आठ आणे, घेतेस का? आणि मी फिक्या हळदीचा भाव पाडते आहे अशा ऐटीत स्वतःचा हिस्सा पाडत बसले होते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, आणि वर त्याचा फोटो.

"मला येतं हे तुम्हाला कसं कळलं?" मी कसंबसं विचारलं.

"नेमगोंडानं तू शाळंत असतानाच सांगितलंय. मी झोपल्यागत करत हुतो." ते पोत्यावर टेकले. "पण आज अकरा दिवस मला एक कोडं पडलंय. नीला, हक्काचे आठ सोडून तू सहा का घेतलेस?"

कागदावर सह्या अजून व्हायच्या होत्या. खरं सांगितलं असतं तर कदाचित आप्पांनी तो कागद फाडला असता. पोटच्या पोरीसाठी त्यांनी एकदा शब्द फिरवलाही असता. पण मग त्यांना हेही कळलं असतं की त्यांच्या मुलीने माल कुठला ते न बघता हात दिला. यार्डात याहून मोठी शिवी नव्हती. एकदा का ते त्यांना कळलं की मग आठ आणे काय, सोळा आणे मिळाले असते तरी मी त्यांच्या नजरेत कागद लिहिणारी मुलगीच राहिले असते. ते माझ्याकडे बघत होते.

"चन्नूला दोन पोरं आहेत, आप्पा," मी म्हणाले. "मला एकटीला सहा पुष्कळ झाले."

आप्पांनी मान खाली घातली. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"सोमवारपासनं सौद्याला तू बसायचं," ते म्हणाले. "यार्डाला काय म्हणायचं ते म्हणू दे. घरच्यांसाठी दोन आणे सोडताना जिचं बोट हाललं न्हाई, तिला कोण फसवणार?"

मी बाहेर येऊन सही केली. पुस्तिकेत चन्नूचा फोटो छापला, हाताची घडी घातलेला. सोमवारी मी गादीवर बसले. पहिल्या दिवशी चार व्यापारी उठून गेले, पाचव्याने इकडेतिकडे बघत हात पुढे केला. पुढे काही वर्षांनी उघडे लिलाव आले आणि रुमाल गेले, पण तोवर यार्डात मला नीलाशेठ म्हणू लागले होते. तो फोटो मी मोठा करून घेतला. माझ्या कचेरीत तो अजून आहे. नव्याने धंद्यात पडलेल्या मुली येतात आणि विचारतात, कॅमेऱ्यासमोर इतकं निवांत कसं बसता आलं तुम्हाला? मी सांगते, हातांना काम द्या.

आप्पा सहा वर्षांनी गेले. तोवर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत होते की माझ्या मुलीने भावाच्या पोरांसाठी दोन आणे सोडले. मी तिथेच चहा देत असायचे. गेल्या वर्षी चन्नूचा धाकटा, आता तोच पेढी बघतो, मला म्हणाला, "आत्या, आजोबा सांगायचे ते खरं का? आमच्यासाठी सोडलंत?" मी होय म्हणाले. तो वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं त्याने. मी त्याला उठवलं, तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मला इतकी लाज वाटली की समोर आलेला चहा तसाच ठेवून मी घरी निघून आले.